चार नवख्या मित्रांना घेऊन अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोआबच्या वाळवंटात माउंटन बाइकिंगची सहल कशी आखावी?

आपल्या सहा जणांपैकी चौघांनी आजवर फक्त डांबरी रस्त्यावर सायकल चालवली आहे, ऑक्टोबरमधले तीन दिवस हाताशी आहेत आणि सायकली घरून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात हे ठरत नाही, असे आपण लिहिले आहे. शेवटी सहज विचारल्यासारखे विचारले आहे की, "स्लिकरॉकचा प्रॅक्टिस लूप तर नवख्यांना चालेल ना?" मी हे उत्तर या एका ओळीसाठी लिहीत आहे. चालणार नाही.

स्लिकरॉक ही मोआबजवळची, उघड्या खडकावरून जाणारी सायकलवाट आहे आणि प्रॅक्टिस लूप ही तिचीच छोटी फेरी. ती मुख्य वाटेपेक्षा सोपी नाही, फक्त आखूड आहे. मुख्य फेरी दहा मैलांच्या आसपास भरते आणि ही दोन-अडीच मैलांची, पण चढ तितकेच उभे आणि उतार तितकेच फसवे. ही वाट 1969 मध्ये मोटरसायकलींसाठी आखली गेली, सायकलवाले नंतर आले. घोड्यांचे लोखंडी नाल त्या दगडावरून घसरत म्हणून त्याला स्लिकरॉक म्हणू लागले. रबरी टायर मात्र त्यावर घट्ट धरतो, आणि पडलेल्या माणसाच्या कातडीला तो पॉलिश पेपरसारखा लागतो.

हे मला माझ्या नणंदेमुळे कळले. आम्ही साल्ट लेक सिटीत राहतो, तिथून मोआब गाडीने चार तासांवर आहे. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात ताई पुण्याहून आल्या होत्या. त्या दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाऊन येत, त्यामुळे दमाने त्या आमच्यातल्या कोणालाही मागे टाकतील अशाच होत्या. आमच्यासोबत यजमानांचे एक मित्र होते, त्यांना आम्ही भाऊजी म्हणतो, जे मोआबला अनेकदा जाऊन आले होते आणि ज्यांच्या शब्दावर आम्ही सगळे विसंबून होतो. पहिल्याच सकाळी, नाश्ता आटोपून दहा वाजता, ते आम्हांला प्रॅक्टिस लूपवर घेऊन गेले, कारण नावातच 'प्रॅक्टिस' आहे.

त्या वाटेवर दगडावर रंगवलेल्या पांढऱ्या रेघांमागून जायचे असते. एका ठिकाणी त्या रेघा घुमटासारख्या खडकाच्या कडेवरून दिसेनाशा होतात आणि पुढचा उतार तोंडाशी जाईपर्यंत नजरेस पडत नाही. भाऊजी खाली उतरून उभे होते आणि "ब्रेक सोडा, वेग धरा" असे ओरडत होते. ताईंनी वेग कमी करण्यासाठी डाव्या हाताची मूठ आवळली, पुढचे चाक जागच्या जागी थांबले, मागचे चाक उचलले गेले आणि त्या हँडलवरून पुढे फेकल्या गेल्या. डावे मनगट मोडले, कोपरापर्यंतची कातडी सोलून निघाली. तिथून गाडीपर्यंतचे अंतर मैलभरसुद्धा नव्हते, पण त्यांच्या पायांत पेडलमध्ये अडकणारे, तळाला क्लीट असलेले बूट होते आणि दर पावलाला ते दगडावर खरडत निसटत होते, म्हणून शेवटी बूट काढून, मोज्यांवर, एका हाताने माझा खांदा धरून त्या चालल्या. दगड तोवर तापला होता.

रुग्णालयात जाताना गाडीत त्या एकच वाक्य बोलल्या, "वहिनी, मी मागचाच ब्रेक दाबला होता."

त्या खोटे बोलत नव्हत्या. आपल्याकडे स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, बहुतेक सायकलींचाही तसाच, आणि डावी मूठ म्हणजे मागचा ब्रेक हे वीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हातात बसले होते. अमेरिकेत विकल्या आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या सायकलींचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आमच्यापैकी एकानेही त्यांना हे सांगितले नव्हते, कारण आमचे हात इथे येऊन कधीच बदलले होते आणि ही सांगण्याची गोष्ट आहे हेच आम्ही विसरलो होतो.

भाऊजी आजही, कोणाच्या घरी जेवायला जमलो की, "ताई घाबरल्या म्हणून पडल्या" असेच सांगतात. मी तिथे गप्प बसत आले आहे, इथे बसणार नाही. माणसाला त्याच्या कुवतीबाहेरच्या वाटेवर नेऊन, तिथल्या ब्रेकची माहितीही न देता, पडल्यावर त्याच्या भीतीकडे बोट दाखवणे हे चूक आहे. पाण्यात ढकलले की पोहता येते ही समजूत विहिरीपुरती तरी खरी असेल, वाळवंटातल्या खडकावर ती मुळीच खरी नाही.

म्हणून आखणी सगळ्यांत कच्च्या माणसाकडे पाहून करावी. सायकली भाड्यानेच घ्याव्यात. घरची हायब्रिड, म्हणजे मुख्यतः रस्त्यासाठीची सायकल तिथे नेऊ नये. दुकानातून सायकल घेताना चौघांपैकी भारतात गाडी चालवायला शिकलेल्यांनी ब्रेक उलटे करून मिळतील का हे विचारावे, पुष्कळदा करून देतात. न मिळाल्यास हॉटेलच्या पार्किंगमध्ये अर्धा तास फक्त ब्रेक लावण्याचा सराव करावा, आणि तोही बसण्याची सीट खाली घेऊन, पेडलवर उभे राहून, वजन मागे नेऊन. साधे, सपाट पेडल आणि साधे बूट घ्यावेत.

पहिल्या दिवशी गावाच्या उत्तरेकडचे मोआब ब्रँड ट्रेल गाठावेत. तिथला बार एम हा सुमारे आठ मैलांचा रुंद, सोपा मार्ग आहे आणि लेझी व ईझी हे जोडमार्ग नवख्यांना वळणांची सवय लावतात. दुसऱ्या दिवशी डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्कमधली इन्ट्रेपिड वाट घ्यावी. तिथली सर्वांत लहान फेरी मैलभराची आहे, त्यापुढची ग्रेट पिरॅमिड चार मैलांहून थोडी अधिक आणि बिग चीफ नऊ मैलांची, त्यामुळे ज्याला जिथे पुरे वाटेल तिथे तो थांबू शकतो. वाळूचा पट्टा लागला की हँडल वळवू नये, वजन मागे ठेवून सरळ पेडल मारत राहावे. चाक रुतलेच तर उतरून ढकलावे, पण कडेच्या काळपट, खडबडीत मातीवर पाय किंवा चाक ठेवू नये. ती माती जिवंत असते, सूक्ष्मजीवांनी बांधलेली असते आणि एकदा मोडली की सावरायला कित्येक दशके जातात.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरावे, सोबत ओआरएसच्या पुड्या ठेवाव्यात, कारण नुसतेच पाणी पीत राहिल्याने अंगातले मीठ कमी पडते. घाम लगेच सुकतो, त्यामुळे तो येतो आहे हेच कळत नाही.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात. मी लिहिलेले सगळे घाबरट वाटले तरी मोआब नवख्यांसाठी वाईट नाही, आणि आपले मित्र आधी घराजवळच्या एखाद्या मातीच्या वाटेवर तीन-चार रविवार घालवून आले, तर तिसऱ्या दिवशी बिग चीफ त्यांना आरामात जमेल. ताईही दोन वर्षांनी परत आल्या आणि ग्रेट पिरॅमिडची फेरी पूर्ण करून गेल्या. त्या वेळी सायकलचे ब्रेक आम्ही आदल्या संध्याकाळीच बदलून घेतले होते.

राहिला प्रश्न आपल्यातल्या दोन अनुभवी मित्रांचा. त्यांना स्लिकरॉक करायचाच असेल, तर तिसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच दोघांनीच जावे आणि दहाच्या आत परतावे. बाकीच्या चौघांनी तोवर निवांत नाश्ता करावा, आणि तो खडक बघायची फारच इच्छा असेल तर पायी जाऊन पाहून यावे.