फलक लिहून झाल्यावर विचारायला जाऊ नका : संग्रहालयातल्या मूलनिवासी प्रकल्पांवरची प्रश्नोत्तरे

कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या मूलनिवासी समाजांच्या वस्तू सांभाळणाऱ्या आणि त्यांच्यासोबत प्रकल्प करणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न आहेत.

प्रश्न : प्रदर्शनाला पाच महिने उरलेत. वस्तू निवडून झाल्या, फलकांचा मसुदाही तयार आहे. तो समाजाच्या परिषदेकडे मान्यतेसाठी पाठवतोय. किती दिवसांची मुदत द्यावी?

मुदतीचं नंतर बघू. वस्तू तुम्ही ठरवल्या, मजकूर तुम्ही लिहिलात, मग समाजाच्या हाती उरलं काय? सही. याला सल्लामसलत म्हणत नाहीत. अमेरिकेत तर हा कायद्याचा मामला आहे. मूलनिवासींचे अवशेष आणि वस्तू परत करण्याविषयीच्या नॅगप्रा या १९९० च्या कायद्याचे सुधारित नियम १२ जानेवारी २०२४ पासून लागू झाले. मानवी अवशेष आणि या कायद्याखाली येणाऱ्या सांस्कृतिक वस्तू मांडण्याआधी, त्यांवर संशोधन करण्याआधी किंवा त्या कोणाला बघू देण्याआधी संबंधित समाजाची पूर्वसंमती लागते. त्या महिन्यात अनेक संग्रहालयांनी पेट्या झाकल्या. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने दोन दालनंच बंद केली.

पाच महिन्यांत करण्याजोगं एकच आहे, प्रदर्शन लहान करा. ज्यांचं गाव आणि कुटुंब माहीत आहे तेवढ्याच वस्तू ठेवा आणि मसुदा बाजूला सारून त्या कुटुंबांशी बोला.

परिषदेचं पत्र आलं म्हणजे काम झालं, असंही नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर निवडून आलेली परिषद वेगळी आणि वंशपरंपरेने आलेले प्रमुख वेगळे. मुखवटा, त्यावरचं कुलचिन्ह, त्याच्यासोबतचं गाणं आणि नाच ही विशिष्ट कुटुंबाची मालमत्ता असते. परिषदेला ती परवानगी देण्याचा अधिकारच नसतो. म्हणून आधी दाखल नोंदवही उघडा आणि वस्तू कोणी, कुठून, कधी आणली ते बघा. ‘खरेदी’ हा शब्द दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. कॅनडात पॉटलॅच या भेटी वाटण्याच्या समारंभांवर १८८५ ते १९५१ बंदी होती. १९२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या व्हिलेज आयलंडच्या पॉटलॅचनंतर लोकांना अटक झाली आणि मुखवटे, तांब्याचे मानाचे पत्रे सरकारने काढून घेतले. त्यांतले बरेच पुढे ओटावा आणि टोरांटोच्या संग्रहालयांत पोचले, काही न्यूयॉर्कच्या एका संग्राहकाने विकत घेतले. अशा वस्तूची ‘खरेदी’ कोणाकडून झाली हे बघावंच लागतं.

पैशाचं आताच ठरवा. ज्येष्ठांचं मानधन, सोबत येणाऱ्याचा खर्च, दुभाषी, प्रवास, मुक्काम, जेवण आणि भेटवस्तू, प्रत्येकाचं वेगळं शीर्षक ठेवा. रद्द झालेल्या बैठकीसाठीही रक्कम ठेवा. समाजात मृत्यू झाला की बैठक पुढे जाते, तेव्हा करारात दंडाची भाषा नको. सगळ्यात जास्त घोळ होतो तो लेखा विभागात. ऐंशी वर्षांच्या आजींना पुरवठादार नोंदणीचा आठ पानी अर्ज आणि पैसे दीड महिन्याने! दोन महिने आधी लेखा विभागाशी बोलून मानधन त्याच दिवशी हातात देण्याची सोय करून घ्या.

प्रश्न : एका कुटुंबाला त्यांचा मुखवटा समारंभात नाचण्यासाठी हवा आहे. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या) तपासला, आर्सेनिक निघालं. आता नाही म्हणायचं का?

जुन्या वस्तूंवर कीटकनाशक म्हणून आर्सेनिक मारलेलं असू शकतं, पण आधी ते खरंच आर्सेनिक आहे का ते बघा. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला येते आणि शिशाची १०.५५ ला. यंत्राला त्या वेगळ्या दिसत नाहीत. मुखवट्यावर शिशाचा पांढरा रंग असेल तर यंत्र खुशाल आर्सेनिक सांगतं. आलेख उघडून दुय्यम रेषा बघा. आर्सेनिकची ११.७ च्या आसपास येते, शिशाची १२.६ च्या. फक्त १२.६ ची रेषा उठलेली दिसली तर ते शिसं. पाऱ्याचंही असंच. तांबड्या भागावर पारा सापडला तर तो हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचा तांबडा रंग, असू शकतो. रंग नसलेल्या लाकडावर, केसांवर किंवा चामड्यावर पारा मिळाला तर मात्र कीटकनाशकाचा संशय घ्या. शिसं आणि हिंगूळ विषारीच, पण ते रंगात बांधलेले असतात आणि भुकटीसारखे हाताला लागत नाहीत. रंग सुटत असेल तर हा दिलासाही नाही.

एका बिंदूवरून निष्कर्ष काढू नका. कपाळ, नाकाची आतली बाजू, तोंडाची कड, बांधायचे पट्टे, पिसं, केस अशा किमान दहा-बारा जागा घ्या आणि प्रत्येक जागा छायाचित्रावर खूण करून नोंदवा. चेहऱ्याला टेकणारी आतली बाजू सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते, कारण यंत्राचं नाक तिथे नीट टेकत नाही.

एक्सआरएफ मूलद्रव्य सांगतं, पण ते सुटून हाताला लागतं का, हे सांगत नाही. त्यासाठी ठरावीक मापाच्या चौकटीत ओलसर कापडाने पुसून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. नाचणाऱ्याला घाम येणार, तो मुखवट्यात जोरजोरात श्वास घेणार, त्यामुळे ही चाचणी टाळू नका. डीडीटी, नॅप्थलीनसारखी सेंद्रिय रसायनं या यंत्राला पकडता येत नाहीत. त्यांच्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी वेगळी. नमुना घेण्याआधी कुटुंबाची परवानगी हवी, पुसणं हाही काहींच्या दृष्टीने स्पर्शच असतो.

अहवालात ‘सुरक्षित’ हा शब्द लिहू नका. ‘या अकरा बिंदूंवर आर्सेनिक आढळलं नाही’ असं लिहा. विष निघालं तर आकडे, नकाशा आणि पर्याय (हेपा गाळणीच्या व्हॅक्यूमने सफाई, आतून सुती अस्तर, नाचाचा वेळ कमी करणं, नवा मुखवटा कोरून घेणं) कुटुंबासमोर ठेवा आणि औद्योगिक आरोग्यतज्ज्ञालाही त्या बैठकीत बसवा. निर्णय कुटुंबाला घेऊ द्या, मात्र अर्धवट माहितीवर घ्यायला लावू नका.

प्रश्न : ज्येष्ठांना भांडारात सेज आणि स्वीटग्रास या सुगंधी वनस्पतींचा धूर करायचा आहे. अग्निसुरक्षा विभाग नकार देतो. शिवाय कीड मारण्यासाठी वस्तू गोठवायला आणि प्लास्टिकमध्ये बांधायलाही त्यांचा विरोध आहे.

धुराचा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारला की नकारच मिळतो. म्हणून कायमची लेखी कार्यपद्धती करून घ्या. फक्त त्या खोलीचे धूरशोधक ठरावीक वेळ बंद, उष्णताशोधक चालू, अग्निशामक घेऊन एक माणूस हजर, आणि धूर विझल्यावर तासभर पहारा. वातानुकूलनाची परतीची हवा बंद ठेवा, नाहीतर धूर शेजारच्या दालनात जातो आणि तिथला नळ्यांतून हवा खेचणारा अतिसंवेदनशील शोधक वाजतो. नेहमी इथेच गडबड होते. भांडारात जमणारच नसेल तर वस्तू शेजारच्या खोलीत आणा.

गोठवणं म्हणजे साधारणतः उणे ३० अंशांना तीन दिवस किंवा उणे २० ला किमान आठवडा, तेही बंद पिशवीत. वस्तूला जिवंत मानणाऱ्यांना ती गुदमरताना दिसते. अशा वेळी धुतलेल्या मलमलीचं आवरण, वेगळी खोली, चिकट सापळे आणि दर आठवड्याला तपासणी, यावर भागवा. जिवंत कीड दिसली तर काय करायचं, हे मात्र कीड लागण्याआधी ठरवून लिहून ठेवा. अर्पण केलेली तंबाखू ताटलीत ठेवा आणि ती किती दिवसांनी, कोणी, कुठे न्यायची ते विचारा. तंबाखूवर पोसणारा भुंगेरा लोकर-चामड्याच्या वाट्याला फारसा जात नाही, पण सुकी वनस्पती आणि बिया सोडत नाही.

प्रश्न : १९३० च्या दशकातली गाण्यांची ध्वनिमुद्रणं ऑनलाइन टाकायची आहेत. कॉपीराइट संपलेला आहे. अडचण काय?

कॉपीराइट मुद्रण करणाऱ्याचा होता, गाणाऱ्याचा नव्हे. तो संपला म्हणजे गाण्यावरचा समाजाचा हक्क संपला, असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या घोषणापत्राचं ३१ वं कलम नेमकं याबद्दलच आहे. काही गाणी एकाच ऋतूत म्हणायची, काही फक्त दीक्षा घेतलेल्यांनी ऐकायची. ऑस्ट्रेलियातल्या अनेक समाजांत मृत व्यक्तीचं नाव घेणं आणि आवाज ऐकवणं निषिद्ध असतं.

मुकुर्तू ही डिजिटल संग्रहाची मोफत प्रणाली तिथल्याच वारुमुंगु समाजासोबतच्या कामातून उभी राहिली. तिच्यात कोणी काय बघायचं हे समाजाच्या नियमांनी ठरतं. तुमचा डेटाबेस वेगळा असेल तर एवढं तपासा : ध्वनिफीत बंद केलीत, पण शीर्षक उघडं राहिलं का? कित्येकदा गुपित शीर्षकातच असतं. छोटी चित्रं आणि शोधयंत्रांतल्या जुन्या प्रतीही बघा. आणि प्रकल्पात नवं मुद्रण होणार असेल तर मूळ फायली कोणाकडे राहणार, हे पहिल्या मुद्रणाआधी करारात लिहा.

प्रश्न : परत दिलेली लाकडी मूर्ती समाज उघड्यावर ठेवणार, ती कुजणार. जतनाची अट घालावी का?

नको. अमेरिकेतल्या झुनी समाजाचे लाकडी युद्धदेव, आहायुदा, उघड्यावर झिजून मातीला मिळण्यासाठीच कोरलेले असतात. ते टिकवणं म्हणजे त्यांचं काम थांबवणं. कॅनडातल्या हायस्ला समाजाचा ग्प्सगोलॉक्स हा कोरीव लाकडी स्तंभ १९२९ मध्ये स्वीडनला नेला गेला आणि २००६ मध्ये परतला. मधल्या बोलण्यांत हवामान-नियंत्रित इमारतीची अट पुढे आली होती आणि तिच्यापायी काम लांबलं.

अटीऐवजी सोबत काय द्यायचं ते बघा : कीटकनाशकांचा अहवाल, स्थितीची छायाचित्रं, जुन्या नोंदींच्या प्रती. पेटी खिळ्यांनी नव्हे, स्क्रूने बंद करा आणि झाकण लावण्याआधी विधीसाठी दोन तास मोकळे ठेवा. वस्तूचं तोंड कुठल्या दिशेला हवं, उभी की आडवी, हे विचारून मगच फोम कापा. जाण्याआधी घाईघाईने त्रिमितीय स्कॅन उरकू नका, झुनींनी प्रतिकृतींवरही हक्क सांगितला आहे. डेटाबेसमधली नोंद पुसू नका. ‘परत केली’ आणि तारीख लिहा, आणि तिथलं जुनं छायाचित्र राहू द्यायचं का, हे त्यांनाच विचारा.