वाचनाच्या वहीबद्दल

प्रिय मुली,

तुझी वर्षभराची वाचनाची वही सावकाश वाचली. शेवटच्या पानावर पुस्तकांची बेरीज मांडून पुढच्या वर्षी दुप्पट वाचायचा संकल्प केला आहेस. तो मोडलास तरी चालेल. माझं लक्ष गेलं ते प्रत्येक पुस्तकापुढच्या शेऱ्यावर: 'अप्रतिम', 'सुन्न झाले', 'कंटाळा आला'. काही वर्षांनी वही उघडशील तेव्हा अशा शेऱ्यावरून पुस्तकही आठवणार नाही आणि ते वाचणारी तूही आठवणार नाहीस. मला त्याचंच वाईट वाटतं.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' वाचून कंटाळा आला म्हणतेस. येऊ दे की! पण कुठे आला ते लिही. होस्टेल-कॉलेजच्या पानांवर आला असेल तर तिथे तिचा नायक पांडुरंग सांगवीकरही कंटाळलेलाच आहे. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशीही आला का? तिथे आला नसेल तर का नाही आला, हे शोधून काढ. कादंबरी १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, म्हणजे जवळपास तुझ्याच वयाचे. त्यांच्याशी वाद घालायला तू लहान नाहीस.

लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राला, 'स्मृतिचित्रे'ला नुसतं 'अप्रतिम' म्हणून सोडून दिलंस, ते मात्र मला खटकलं. अगदी सुरुवातीलाच लक्ष्मीबाई वडिलांच्या सोवळ्याबद्दल सांगतात, ते पुन्हा वाच. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं ते शिरलंच; बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. एका माणसाने धसका घेतला आणि सगळं घर त्यात भरडलं गेलं. मुलगी हे सांगते ते आपल्याला हसवत हसवत. मला ती पानं वाचताना दर वेळी आधी हसू येतं आणि मग त्या आईची आठवण होऊन घशाशी दाटतं. तुझं काय झालं?

याच वर्षी तू गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'ही वाचलास. वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने उत्तर हिंदुस्थानात जातो, झाशीच्या वेढ्यात सापडतो, कत्तल डोळ्यांनी बघतो आणि शेवटी गंगेची कावड घेऊन आईवडिलांकडे परततो. बंड तेच, १८५७ चं. एक जण त्या वणव्यातून चालत घरी आला. दुसरीच्या घरात त्याची धग पुढची कितीतरी वर्षं राहिली. वहीत ही दोन पुस्तकं एकमेकांपासून लांब पडली आहेत, त्यांची गाठ घालून दे. आणि कोणती आवृत्ती वाचलीस तेही लिहीत जा. 'माझा प्रवास' १९०७ साली पहिल्यांदा छापला तो चिं. वि. वैद्यांनी, स्वतःचा हात फिरवून. त्यामुळे एखादं वाक्य आवडलं तर ते नक्की कोणाचं, हा प्रश्न पडायला हवा.

दया पवारांच्या आत्मकथनापुढे, 'बलुतं'पुढे 'सुन्न झाले' आहे. ते खरंच असणार, तुला मी ओळखते. पण सुन्न होऊन माणूस पुस्तक मिटतो आणि सुटतो. दगडू मारुती पवार, म्हणजे ते स्वतःच, आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. स्वतःलाच असं समोर बसवून का सांगावं लागलं असेल, यावर पानभर लिही. मग तुझ्या आजीला विचार, की तिच्या गावात महारवाडा कुठे होता, पाणी कुठलं होतं, आणि आपल्या घरातलं कोण तिकडे कधी गेलं होतं का. ती जे सांगेल ते त्याच पानाखाली लिही. गप्प राहिली तर तेही लिही.

येत्या चैत्रात दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' हातात घे. त्यात महिन्यामहिन्याची प्रकरणं आहेत. ज्या महिन्याचं प्रकरण त्याच महिन्यात वाचायचं, पुढचं उघडायचं नाही. वाचून झालं की बाहेर जाऊन बघायचं: दुर्गाबाईंनी लिहिलेलं तुझ्या गल्लीत काय दिसतंय आणि काय नाही. वैशाखाचं प्रकरण झालं की वही घेऊन ये, निवांत बसू.

तुझ्या बाई