आधी पदवी की आधी परवाना?

पत्र : "आमचा मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. ७४ टक्के पडले, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही होते. त्याला पायलटच व्हायचंय. त्याचे बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, मग काय उडायचं ते उड. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, तो सांगतो, डिग्रीशिवाय एअरलाइन दारात उभं करत नाही. पुण्यातल्या एका संस्थेने बीएस्सी एव्हिएशन आणि पायलट ट्रेनिंग असं एकत्र पॅकेज सांगितलंय आणि मुलाला ते लगेच घ्यायचंय. डिग्रीचा विषय काढला की म्हणतो, जेआरडी टाटांकडे तरी कुठे होती! त्याला चष्मा आहे, दीड नंबरचा. पैसे राहत्या घरावर कर्ज काढूनच उभे राहतील. काय करावं?" – एक आई, सांगली

नमस्कार ताई,

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. भारतात कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, मिळवायला पदवी लागत नाही. डीजीसीएला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, हवी असते फिजिक्स-मॅथ्ससह बारावी, १८ वर्षं पूर्ण वय आणि क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी. पुढे कॅप्टन होण्यासाठी एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, काढावं लागतं. त्यालाही १५०० तासांचं उड्डाण आणि परीक्षा आहेत, पदवी नाही. आपल्याकडच्या मोठ्या विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांची, म्हणजे नवख्यांना शिकवून पायलट करण्याच्या योजनांची, जाहिरात वाचा, तिथेही शिक्षणाच्या रकान्यात बारावीच असते. फक्त फिजिक्स, मॅथ्स आणि इंग्रजीत किमान टक्के किती, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेवढं मुलाच्या मार्कशीटशी ताडून बघा.

तुमचे बंधू चुकीचं सांगत नाहीत, पण ते तिकडचं सांगतायत. अमेरिकेतही लायसन्सला पदवी लागत नाही. तिथल्या काही बड्या कंपन्या मात्र नोकरी देताना चार वर्षांची पदवी मागायच्या. डेल्टाने ती सक्ती २०२२च्या जानेवारीत काढून टाकली. असेल तर बरं, नसेल तरी अर्ज करा, असं धोरण ठेवलं. शिवाय तिथे कॉलेजात जाण्याचा एक वेगळा फायदा आहे. एअरलाइनमध्ये पायलट म्हणून बसायला साधारण १५०० तासांचं उड्डाण लागतं, पण मान्यताप्राप्त कॉलेजातून विमानचालनाची पदवी घेतली तर १००० तासांवर भागतं. पदवीने पाचशे तास वाचतात म्हटल्यावर तिथली मुलं कॉलेजला जाणारच. आपल्याकडे अशी सूट नाही. इथे को-पायलट म्हणून सुरुवात २०० तासांच्या सीपीएलवर आणि त्यापुढच्या टाइप रेटिंगवर, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणावर, होते. त्यामुळे मामांचा सल्ला सांगलीत जसाच्या तसा लागू पडत नाही.

आणि जेआरडींचं उदाहरण. त्यांच्याकडे पदवी नव्हती, हे खरं. १० फेब्रुवारी १९२९ला भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स त्यांचं, हेही खरं. पण त्यांना घर गहाण टाकावं लागलं नव्हतं, एवढं चिरंजीवांच्या कानावर घाला.

कारण तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मला त्या कर्जाच्या वाक्यात दिसते. नियम पदवी मागत नाही म्हणून ती घेऊच नये, असा त्याचा अर्थ होत नाही. पदवी लायसन्ससाठी लागत नाही, ती लागते नोकरी नसेल त्या दिवसांसाठी. आणि या धंद्यात असे दिवस येतात. किंगफिशर २०१२मध्ये बसली, जेट एप्रिल २०१९मध्ये, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. मध्ये कोविड होऊन गेला. या प्रत्येक वेळी हजारो तास उडालेले कॅप्टनसुद्धा घरी बसले, मग दोनशे तासांचं कोरं लायसन्स घेऊन आलेल्या पोरांची काय कथा. तेजीच्या काळात हेच चित्र उलटं असतं, कंपन्या विमानांच्या मोठमोठ्या ऑर्डरी देतात आणि फ्लाइंग स्कूलवाले "पायलटांचा तुटवडा आहे" असं बॅनर लावतात. तुमचा मुलगा लायसन्स हातात घेईल तेव्हा कुठली वेळ असेल, हे कोणीच सांगू शकत नाही. लायसन्स आल्यावरही काही जणांना दोन-तीन महिन्यांत बोलावणं येतं, काही जण दोन-दोन वर्षं थांबतात. त्या काळात बँकेचा हप्ता थांबत नाही. आणि नुसत्या बारावीवर दुसरी कुठली बऱ्या पगाराची नोकरी मिळणार, सांगा.

म्हणून माझं मत असं : तुमच्याकडे पैसे शिलकीतले असते तर मी म्हटलं असतं, जाऊ दे त्याला, पदवी सावकाश होईल. घर तारण ठेवून जाणार असाल तर पदवी सोबत हवीच. सोबत म्हणतेय, आधी नव्हे.

त्याच्या बाबांचा "आधी इंजिनिअरिंग" हा आग्रह मला कळतो. चार वर्षांनी तो बावीसचा असेल आणि पायलटसाठी ते वय मुळीच उशिराचं नाही. एअरलाइनमध्ये पासष्टीपर्यंत उडता येतं. पण या नोकरीत सिनिऑरिटी फार चालते. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, हे बरंचसं तुम्ही रांगेत कधी उभे राहिलात यावर ठरतं. दुसरं म्हणजे मन हवेत आणि शरीर वर्कशॉपमध्ये अशी चार वर्षं काढलेली मुलं माझ्याकडे येतात. बॅकलॉग घेऊन येतात. चांगल्या कॉलेजात, त्याला स्वतःला आवडणारी शाखा मिळत असेल तर जरूर विचार करा. नुसती डिग्री पदरात पडावी म्हणून मिळेल त्या कॉलेजात मेकॅनिकल, याला माझा विरोध आहे.

त्यापेक्षा मुक्त विद्यापीठातून बीए किंवा बीकॉम करायला काय हरकत आहे? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. फी फ्लाइंगच्या खर्चापुढे किरकोळ, रोजच्या हजेरीची कटकट नाही, आणि पुढे एमबीए, स्पर्धा परीक्षा, परदेशी स्थायिक होण्याचा अर्ज, यातल्या कशासाठीही ती पदवी चालते. विमान कंपनीच्या ऑफिसातली वरची पदंही पुढेमागे पदवीधर पायलटला सोपी जातात. लोक नाक मुरडतील, मुरडू द्या.

आता पॅकेजबद्दल, कारण इथे पालक हटकून फसतात. बीएस्सी एव्हिएशन ही पदवी आहे, लायसन्स नाही. तीन वर्षं ती करून एकही तास न उडालेली मुलं मी पाहिली आहेत. एरोनॉटिकल इंजिनिअरिंग म्हणजे विमान डिझाइन करण्याचा अभ्यास, आणि एएमई म्हणजे विमानाच्या देखभालीचं लायसन्स. तिन्हींचा पायलटच्या सीटशी थेट संबंध नाही. काही ठिकाणी बीएस्सी आणि फ्लाइंग खरोखर जोडीने चालतं, अमेठीजवळच्या फुरसतगंजची सरकारी इग्रुआ अकादमी त्यातलीच. त्यात गैर काही नाही. पण पॅकेज घ्यायचं तर बीएस्सीची फी किती आणि फ्लाइंगची किती, हे वेगवेगळं लिहून मागा. बीएस्सी कुठल्या विद्यापीठाची, आणि विमानं कोणाची, तेही विचारा. पुष्कळ संस्थांकडे स्वतःचं एकही विमान नसतं. त्या फक्त ग्राउंड क्लास, म्हणजे लेखी पेपरांची शिकवणी, घेतात आणि उडायला मुलांना दुसरीकडे पाठवतात.

फ्लाइंग स्कूल निवडताना मी एकच गोष्ट खोदून विचारते : मागच्या बॅचला २०० तास पुरे करायला किती महिने लागले? हे २०० तास सलग नसतात, त्यांचा हिशेब ठरलेला असतो. त्यात १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून, त्यापैकी २० क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, आणि त्यात एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. रात्रीचे ५ तास, १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह. १० तास केवळ उपकरणांवर नजर ठेवून. सगळं लॉगबुकात मिनिटांसकट लिहायचं. आता सकाळी धुकं असलं की सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, रद्द. दुपारी वारा आडवा झाला की शिकाऊंना परवानगी नाही. पावसाळ्यात तर आठवडाच्या आठवडा कोरा. त्यात दोन विमानं मेंटेनन्सला आणि एक इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेला, की दीड वर्षाचा कोर्स तीन वर्षांवर जातो. राहण्याखाण्याचा खर्च आणि व्याज तुमच्या माथी. आपल्याकडे बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया, जळगाव इथे प्रशिक्षण चालतं. तिथे जाऊन ऑफिसातल्या सोफ्यावर बसू नका, बाहेर चहाच्या टपरीवर गणवेशातली पोरं भेटतील, त्यांना विचारा. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केलीय, ती यादीही बघा. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती, यावरून काय ते समजा.

खर्चाचा आकडाही पूर्ण धरा. भारतात सीपीएलपर्यंत पन्नास ते सत्तर लाख, आणि त्यावर एअरबस किंवा बोइंगच्या टाइप रेटिंगचे आणखी पंधरा-वीस लाख. माहितीपत्रकात पहिलाच आकडा ठळक असतो.

पण यातला एक रुपयाही भरण्याआधी मेडिकल. दीड नंबरचा चष्मा सहसा आड येत नाही, चष्मा लावून नीट दिसलं की चालतं. अडतं ते रंग ओळखण्यात, आणि ते पुष्कळांना तपासणीच्या टेबलावरच पहिल्यांदा कळतं. रंगीत ठिपक्यांमधला आकडा वाचायची ती चाचणी कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर पाच मिनिटांत करतो. या आठवड्यात करून घ्या. मग डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू, आणि त्यानंतर क्लास वन. ईसीजी, ऑडिओमेट्री, एक्स-रे, रक्त, सगळं बघतात. क्लास वन हातात येईपर्यंत कर्जाच्या कागदावर सही नको.

तो वेळ वाया जाणार नाही. त्याला डीजीसीएच्या लेखी पेपरांना बसवा : नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के लागतात. ग्राउंड क्लासची फी फ्लाइंगच्या मानाने अगदीच थोडी, आणि मुलाचा निर्धार किती टिकाऊ आहे हे तिथेच कळतं. तीन महिने वारा, ट्रॅक आणि ग्राउंडस्पीडची गणितं सोडवूनही त्याचा हट्ट कायम राहिला, तर घर तारण ठेवण्यावर बोलायला बसा. परीक्षेसाठी आधी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी मार्कशीट बोर्डाकडून पडताळून घेतात. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पासपोर्टवर तिसरंच काही. ही नावं आत्ताच जुळवून घ्या, नाहीतर चिरंजीव अभ्यास करून तयार आणि अर्ज अडकलेला, असं होतं.

एअरफोर्सचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण तिथे खर्च सरकारचा. खडकवासल्याच्या एनडीएत बारावीवर जाता येतं आणि बाहेर पडताना पदवी मिळते. एएफकॅटने, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेने, जायचं तर पदवी लागतेच, वय २० ते २४. चालू सीपीएल असेल तर २६ पर्यंत सवलत. मुक्त विद्यापीठाची ती पदवी हाताशी असली तर पदवीची अट तरी पुरी होईल, पण त्याचा चष्मा तिथे चालतो का, ते आधी विचारा. अर्थात सैन्यात जायचं ते सैन्यात जायचंय म्हणून. फुकट उडायला मिळतं म्हणून गेलेला तिथे टिकत नाही.

बाबांसाठी एक : सीईटी दिली असेल तर इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा फॉर्म भरून ठेवा. क्लास वनचा निकाल उलटा आला तर सीट हातात असेल. प्रवेश रद्द करून फी परत मागायची शेवटची तारीख प्रवेशाच्या वेळापत्रकात दिलेली असते, ती बघून मेडिकलची अपॉइंटमेंट त्याच्या आधीची घ्या.