इटलीतील सायकल विजेत्यांचे संग्रहालय नोव्ही लिगुरेसारख्या छोट्या शहरातच का आहे?

याचे कारण असे की, इटलीच्या सायकल शर्यतींच्या इतिहासातील दोन सर्वांत मोठी नावे याच परिसराशी जोडलेली आहेत. पिएमोन्ते प्रांतातील या शहरात एका जुन्या औद्योगिक शेडचे रूपांतर करून हे संग्रहालय उभारण्यात आले. कोस्तान्ते जिरारदेंगो यांचा जन्म १८९३ मध्ये येथेच झाला. मिलान–सान रेमो ही शर्यत त्यांनी सहा वेळा जिंकली आणि हा विक्रम १९७६ मध्ये बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी सातव्यांदा ती जिंकेपर्यंत कोणालाही मागे टाकता आला नाही.

फाउस्तो कोप्पी यांचा जन्म मात्र जवळच्याच कास्तेलानिया या डोंगराळ खेड्यात १९१९ मध्ये झाला. पोरवयात ते नोव्ही लिगुरेतील एका खाटकाच्या दुकानाचा माल सायकलवरून पोहोचवत असत, आणि पुढे याच मुलाने जिरो द'इतालिया ही इटलीची अनेक टप्प्यांची मोठी सायकल शर्यत पाच वेळा आणि तूर द फ्रान्स १९४९ व १९५२ अशी दोनदा जिंकली. या दोघांना जोडणारा दुवा होता त्यांचे मालिशकार बियाजिओ काव्हान्ना, ज्यांची दृष्टी गेली असली तरी केवळ बोटांच्या स्पर्शाने खेळाडूच्या स्नायूंची कुवत ते ओळखत, असे सांगितले जाते. माझ्या मते या परिसराची खरी कथा विजेत्यांइतकीच या मालिशकाराची आहे. वेळ असल्यास कास्तेलानियालाही अवश्य जावे. कोप्पी यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, या गावाने त्यांचे आडनाव आपल्या नावाला जोडून घेतले.