फोटो घरच्यांनी टाकला, शिक्षा पोरीला कशाला?

जुळे सोलापुरातल्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

"ताई, माझी मुलगी नववीत आहे, चौदा वर्षांची. मिस्टरांचं चाटी गल्लीत दुकान आहे. घरात सासूबाई, दीर-जाऊ, सगळे एकत्र राहतो. पंधरवड्यापूर्वी मुलीच्या नावानं, तिचाच फोटो लावून कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं. त्यावरून तिच्या वर्गातल्या मुलांना घाण मेसेज गेले. आता तिला धमकी येते, की व्हिडिओ कॉलवर ये, नाहीतर तुझा फोटो नागडा बनवून सगळ्यांना पाठवीन. फोटो गड्ड्याच्या जत्रेतला आहे, वन्संनी फेसबुकवर टाकलेला. मुलीनं चार दिवस कुणाला सांगितलं नाही. कळल्यावर यांनी मोबाईल काढून कपाटात ठेवला आणि तिचा भरतनाट्यमचा क्लास बंद केला. तिचं खातं दुकानाच्या नंबरवर उघडलेलं होतं आणि जन्मसाल मोठं टाकलेलं होतं, हेही आत्ताच कळलं. सासूबाई म्हणतात, पोरीच्या हातात मोबाईल दिलात, भोगा आता. पोलिसांत गेलो तर बदनामी होईल म्हणून हे नको म्हणतात. वन्संना बोललं तर घर फुटेल. मुलगी नीट जेवत नाही. मी काय करू?"

ताई, तुमच्या मुलीनं काहीही केलेलं नाही. फोटो तिनं टाकला नाही, खोटं खातं तिनं उघडलं नाही, घाण मेसेज तिनं पाठवले नाहीत. तरीही आजवरची सगळी शिक्षा तिलाच झाली आहे. मोबाईल तिचा गेला, क्लास तिचा बंद झाला, बोलणी तिनं खाल्ली. धमकी देणारा मात्र मोकळा आहे. आज रात्री जेवताना सगळ्यांच्या देखत तिला सांगा, "तुझी चूक नाही." हे तिच्या बाबांनी म्हटलं तर अधिकच चांगलं.

ती चार दिवस गप्प का राहिली, याचाही विचार करा. सांगितलं तर काय होईल याचा तिला अंदाज होता, आणि नेमकं तेच झालं. असे धमकी देणारे लोक मुलांच्या याच भीतीवर जगतात. गड्ड्याच्या गर्दीत आपण लेकराच्या खिशात घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतो आणि बजावतो, की चुकलीस तर पोलिसांच्या मांडवापाशी थांब, आम्ही येतो. चुकलीस तर मारीन, असं कुणी म्हणत नाही, कारण मग पोर हरवल्याचं सांगायलाच घाबरेल. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपल्या बहुतेक घरांत पोर सांगायला आलं की आधी त्यालाच बोलणी बसतात.

आता कामाचं. मोबाईल कपाटातून बाहेर काढा. खोटं खातं त्या मोबाईलमध्ये नाही, त्यामुळे तो कुलपात ठेवून ते बंद होणार नाही. उलट तुमचा सगळा पुरावा त्याच मोबाईलमध्ये आहे. मुलीला शेजारी बसवून प्रत्येक धमकीचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा. त्या प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा. वर्गातल्या ज्या मुलांना मेसेज गेले त्यांच्या आईवडिलांना फोन करून त्यांच्याकडचे स्क्रीनशॉट मागा. चॅट डिलीट करू नका. तो काही मागत असेल तर देऊ नका आणि त्याला एका अक्षराचंही उत्तर देऊ नका. दिरांनी किंवा चुलत भावांनी आपल्या खात्यावरून त्याला शिव्या घालू नयेत. त्यानं माणूस सावध होतो, खातं पुसतो आणि पुरावा जातो.

पुरावा हातात आला की मगच इन्स्टाग्रामवर ते खातं रिपोर्ट करा. "दुसऱ्याच्या नावानं वावरतंय" असा पर्याय तिथे आहे, आणि मुलाच्या वतीनं पालकही तक्रार करू शकतात. त्यानंतर तिच्या खात्यावरून त्याला ब्लॉक करा.

पोलिसांत जायलाच हवं, आणि मिस्टरांना त्याचं कारण नीट समजावून सांगायला हवं. बनावट फोटोची धमकी हा चेष्टेचा प्रकार नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे लहान मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, 11 व्या कलमात अठराच्या आतल्या मुलाला त्याच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्र प्रसिद्ध करण्याची धमकी देणं हा लैंगिक छळ मानला आहे, आणि 12 व्या कलमाप्रमाणे त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 सी कलमाखालचा वेगळा गुन्हा आहे. तिला व्हिडिओ कॉलवर बोलावणाऱ्याच्या मनात काय आहे, हे मिस्टरांना माझ्याइतकंच कळतं.

राहिली बदनामी. पॉक्सो कायद्यातच मुलीच्या लाजेची काळजी घेतली आहे. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा असा नियम आहे. तुम्ही किंवा तिचा विश्वास असलेलं माणूस तिच्याजवळ बसू शकतं. तिचं नाव, शाळा, पत्ता, फोटो वर्तमानपत्रात छापायला 23 व्या कलमानं मनाई आहे. या तरतुदी तिथे स्वतःहून सांगा, म्हणजे समोरचा अधिकारीही सांभाळून वागेल.

सोलापूर शहर आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे जा, किंवा तुमच्या भागातल्या ठाण्यात. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवायला नको. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून नंतर तो योग्य ठाण्याकडे वर्ग करता येतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्याही तक्रार देता येते. 1930 हा नंबर पैसे गेले असतील तर तातडीचा. तुमच्या प्रकरणात पोर्टल आणि ठाणं जास्त उपयोगाचं. मुलगी फार खचली असेल, तिला कुणाशी तरी बोलायचं असेल, तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. तक्रारीची प्रत आणि क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. उद्या त्यानं खरंच असा फोटो बनवून पाठवला, तर "बघा त्यानं काय केलं" म्हणून घरातल्या ग्रुपवर तो टाकू नका. लहान मुलाचं असं चित्र पुढे पाठवणं हाही गुन्हा ठरतो, आणि एकदा पसरलेलं चित्र परत गोळा करता येत नाही. तो फक्त पोलिसांना दाखवा. अठराच्या आतल्या मुलांच्या अशा चित्रांसाठी "टेक इट डाऊन" नावाची एक मोफत सोय आहे, अमेरिकेतल्या एका बालसंरक्षण संस्थेची. त्यात फोटो तुमच्या मोबाईलमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त आकड्यांतला ठसा तयार होतो, आणि फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशावरून तेच चित्र शोधून काढून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटमध्ये मात्र तिचा उपयोग होत नाही.

आता घराकडे वळते, कारण मूळ तिथे आहे. त्या माणसाला एवढी माहिती कुठून मिळाली, हे एकदा सगळ्यांनी बसून बघा. वन्संची पोस्ट कुणालाही दिसेल अशी होती. गड्ड्याच्या फोटोत तिचं पूर्ण नाव असेल, दुसऱ्या कुठल्या फोटोत शाळेचा गणवेश, तिसऱ्यात क्लासचं नाव. वाढदिवसाच्या शुभेच्छांत जन्मतारीख. हे सगळं प्रेमानं टाकलेलं, पण एकत्र जोडलं की अनोळखी माणसाला तुमची मुलगी कुठे, किती वाजता भेटेल इथपर्यंत कळतं.

त्यात तिचं खातं दुकानाच्या नंबरवर. तो नंबर चादरी-टॉवेल घेणाऱ्या शेकडो गिऱ्हाइकांच्या मोबाईलमध्ये सेव्ह असणार. अशा माणसानं आपले कॉन्टॅक्ट इन्स्टाग्रामला जोडले, की "तुमच्या ओळखीतले" म्हणून तुमच्या मुलीचं खातं त्याच्यासमोर येऊ शकतं. तो नंबर खात्यावरून काढा आणि ई-मेल जोडा. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा.

मोठ्या जन्मसालाचं नुकसान तर तिला माहीतच नसेल. इन्स्टाग्राम तेराच्या पुढच्या मुलांना चालतं, आणि 2025 पासून भारतातही अठराच्या आतल्यांना वेगळं, बंदिस्त खातं मिळतं. ते आपोआप खासगी राहतं, अनोळखी माणूस त्यावर थेट मेसेज टाकू शकत नाही, आणि सोळाच्या आतल्यांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. मोठं वय टाकल्यामुळे तिनं हे सगळं संरक्षण गमावलं. खरं वय टाकून तिच्यासोबत खातं नीट करा आणि पालकांची देखरेख जोडा. तिथे ती कुणाशी बोलते हे दिसतं, काय बोलते ते दिसत नाही. मला ही मर्यादा पटते. चौदा वर्षांच्या मुलीचे मैत्रिणींशी झालेले सगळे मेसेज आईनं वाचू नयेत. चोरून तर नाहीच.

वन्संशी तुम्ही बोलू नका. हे बोलणं भावानं बहिणीशी करायचं आहे; सुनेच्या तोंडून तेच वाक्य टोमणा वाटेल. मिस्टरांना सांगा, आरोप न करता घडलेलं सांगायचं आणि मदत मागायची: "ताई, पोरीला त्रास होतोय. तुझ्या फेसबुकवरचे घरातल्या लेकरांचे फोटो बाहेरच्यांना दिसताहेत, तेवढे आपण दोघं मिळून बंद करू." फेसबुकवर जुन्या सगळ्या पोस्ट एकदम "फक्त मित्रांना" करण्याची सोय आहे, प्रोफाइल लॉकही करता येतं. मग मित्रांच्या यादीत प्रत्यक्ष न भेटलेले किती जण आहेत, तेही पाहायला लावा. वन्सं पोरीच्या आत्या आहेत. त्यांना कळलं तर सगळ्यात जास्त त्याच हळहळतील, असं मला वाटतं.

इथून पुढे घरात एकच नियम असावा आणि तो मोठ्यांनाही लागू असावा: ज्याचा फोटो, त्याला विचारल्याशिवाय कुठेच टाकायचा नाही. दुकानाच्या स्टेटसवर नाही, नातेवाइकांच्या ग्रुपवर नाही. मुलगी "नको" म्हणाली तर विषय तिथेच संपला पाहिजे. सासूबाईंनाही यात घ्या. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी फक्त ओळखीच्यांना दिसेल आणि अनोळखी माणूस त्यांना ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही, असं करून द्या. हे काम नातीकडे सोपवा. ज्या पोरीला दोष दिला तीच आजीचा मोबाईल सुरक्षित करून देते आहे, हे सासूबाईंनी पाहिलं पाहिजे.

आणि क्लास. मुलीचा नाच थांबवून धमकी देणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, तिचं मात्र बिघडतं. पुढच्या तासाला तिला पाठवा. पहिले काही दिवस बाबांनी स्वतः सोडावं आणि आणावं. क्लासच्या बाईंना आणि शाळेतल्या वर्गशिक्षिकेला दोघांनी जाऊन घडलेलं सांगा, म्हणजे वर्गात कुजबुज झाली तर ती थांबवणारं मोठं माणूस तिथे असेल.

खातं बंद झालं की निर्धास्त होऊ नका. असे लोक नाव थोडं बदलून पुन्हा खातं उघडतात. महिनाभर अधूनमधून तिच्या नावानं शोधत राहा, मैत्रिणींनाही सांगून ठेवा. पुन्हा काही दिसलं तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या आणि पहिल्या तक्रारीचा क्रमांक देऊन त्याच अधिकाऱ्याला कळवा.