तळहाताएवढं लेगोचं स्पेसशिप ठोकळ्यासारखं दिसतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की किट न घेता घरातल्याच लेगोतून तळहातावर मावेल असं स्वतःचं स्पेसशिप बनवताय, पण दरवेळी ते ठोकळ्यासारखं दिसतं, यान वाटतच नाही. मी गेली काही वर्षं फक्त या छोट्या मापातलीच यानं बनवते, आणि माझ्या मते तुमचं चुकतंय ते मापात.

आधी ठरवा की या यानातला माणूस केवढा. लेगोचा नेहमीचा माणूस असतो साधारण 4 सेंटिमीटर, तो बसेल एवढी काच एकदा लावली की बाकी कितीही सजवा, ते एकट्या माणसाचं विमानच दिसणार. त्यापेक्षा एक प्लेट (लेगोचा पातळ, चपटा तुकडा) म्हणजे यानाचा एक मजला असं धरा. प्लेटची जाडी 3.2 मिलिमीटर, मजला साधारण 3 मीटर, म्हणजे जवळपास 1:1000. मग 12 बटणं (तुकड्यांवरचे गोल उंचवटे) लांबीचं यान, जे प्रत्यक्षात 10 सेंटिमीटरसुद्धा नाही, ते शंभरेक मीटरचं होतं! हे डोक्यात बसलं की मोठ्या काचा, दारं, चाकं आपोआप बाजूला पडतात आणि ब्रिजच्या, म्हणजे कॅप्टनच्या खोलीच्या जागी 1×1 ची (एक बटण लांब, एक बटण रुंद) एक पारदर्शक टाइल, म्हणजे वर बटण नसलेला गुळगुळीत तुकडा, पुरते.

आता ठोकळेपणा. सगळे तुकडे बटणं वर ठेवून रचले की कडेला पायऱ्या दिसतात, म्हणून काही प्लेटी आडव्या, म्हणजे बटणं बाजूला येतील अशा लावायच्या. यासाठी हेडलाइट ब्रिक मिळवाच, 1×1 ची छोटी वीट, जिला एका बाजूलाही बटण असतं. आणि इथे लेगोचं गणित फार सुंदर आहे, बटणापासून बटणाचं अंतर 8 मिलिमीटर, म्हणजे दोन बटणं 16, आणि पाच प्लेटी एकावर एक ठेवल्या की 3.2 गुणिले 5, तेही बरोबर 16. त्यामुळे आडवा भाग उभ्या भागात फट न राहता बसतो. मला हे कळलं त्या रात्री मी आधीची तीन यानं मोडून परत बनवली.

नाक निमुळतं करायला जंपर प्लेट, 1×2 ची पण मधोमध एकच बटण असलेली. तिच्यामुळे पुढचा तुकडा अर्धं बटण, म्हणजे 4 मिलिमीटर सरकतो आणि दोन रुंदीवरून एक रुंदीवर बरोबर मधोमध येता येतं.

बारीक डिटेलसाठी माणसांच्या हातातल्या वस्तू वापरा, दुर्बीण उलटी लावली की जोड इंजिन होतं, पाना, नळ, स्केट सगळं चालतं. पूर्वी सिनेमासाठी मॉडेल करणारे लोक रणगाड्यांच्या प्लास्टिक किटचे तुकडे यानांवर चिकटवायचे, तीच युक्ती. फक्त ते सगळीकडे भरू नका प्लीज, बराचसा भाग टाइल लावून गुळगुळीत सोडा आणि सगळी गर्दी एका खाचेत किंवा इंजिनाजवळ करा, मोकळ्या भागामुळेच यान मोठं वाटतं.

रंग दोन, फार तर तीन. लेगोचं 1979 चं गॅलेक्सी एक्सप्लोरर हे यान आठवा, निळं, करडं आणि पिवळी पारदर्शक काच, हे तीन रंग योग्य जागी असले तर सहा बटणांच्या यानातही लोक ते ओळखतात. लेगोने 2022 मध्ये ते नव्याने काढलं तेव्हाही हे रंग तसेच ठेवले.

तुकडे कमी असतील तर आधी ब्रिकलिंकच्या स्टुडिओमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर लेगो रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बनवून बघा, फुकट आहे, पण त्यावरच थांबू नका कारण स्क्रीनवर पकड कळत नाही. यान हातात धरून खोलीभर उडवा, वळवा, उलटं करा. पंख निखळला तर तिथे आतून एक लांब प्लेट टाकून सांधा बांधून घ्या आणि परत उडवा.