अंड्यांवर बसलेला धाकटा

प्रश्न: काकू, माझं माहेर सांगलीचं, विश्रामबागेतलं. लग्न होऊन वाळवा तालुक्यात मळ्यातल्या वस्तीवर आले. दोन मुलगे, सहा आणि चार वर्षांचे. घडीभर बूड टेकत नाहीत. परवा धाकटा खुराड्यात शिरून अंड्यांवर बसला, पिल्लं काढायची म्हणून! सहा अंडी गेली. थोरला उसाच्या ट्रॉलीमागं पळतो. विहीर, साप, फवारणीची औषधं, कशाकशावर डोळा ठेवू? म्हणून मोबाईल देऊन बसवते, तर सासूबाई चिडतात. त्यांचं एकच, 'पोरं हाईत, उंडारायचीच.' शेजारणी म्हणतात, आईचा धाक नाही. डॉक्टरांना दाखवावं का?
– एक दमलेली आई

उत्तर: अगं, आधी पोटभर हसून घेतलं. चड्डी कुणी धुतली तेवढं लिहायचं राहिलं तुझं.

डॉक्टरांचं म्हणशील, तर धाकटा अंड्यांवर किती वेळ बसला होता ते विचारलंस का? बसला ना? गोष्ट ऐकताना, मुंग्यांची रांग बघताना, कशातच जीव रमत नसेल आणि अंगणवाडीच्या ताई, शाळेतले गुरुजीही तेच सांगत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखव. शेजारणींच्या सांगण्यावरून नको.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली लहान मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसात निदान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी असावी, आणि मोबाईल-टीव्ही तासाच्या वर नको. तुझा धाकटा ही १८० मिनिटं न्याहारीच्या आधीच पुरी करत असणार. तेव्हा मोबाईलबाबत सासूबाईंचं बरोबर आहे, बाई. 'उंडारायचीच' हेही बरोबर, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं मी अंगावर काढून शिकले. आमचं घर कराड तालुक्यात, दारात विहीर. थोरला चालायला लागल्याबरोबर नवऱ्याच्या मागं लागून विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली आणि निर्धास्त झाले. पोर अडीच वर्षांचं असताना एका दुपारी गोठ्याकडं गेलं. म्हशीच्या पाण्याची दगडी डोण होती, तिच्यात शेवग्याची शेंग होडी म्हणून सोडलेली. ती पकडायला वाकलं आणि डोकं आत, पाय वर. ओरडणं नाही की पाण्याचा आवाज नाही. सासूबाई शेणाची पाटी घेऊन आल्या म्हणून. पाय धरून ओढलं त्यांनी. नंतर मी डोणीत हात घालून बघितला, पाणी कोपराएवढंसुद्धा नव्हतं.

म्हणून सांगते, दिवसभर पोरांवर डोळा ठेवणं कुणाच्या बापाला जमत नाही. जागेचा बंदोबस्त करायचा. डोण, पिंप, बादली रात्री पालथी, नाहीतर झाकलेली. औषधांना कुलूप, आणि किल्ली उंचावर. डब्यावरचा त्रिकोण बघ, लाल म्हणजे सर्वांत जहाल. पण खरा घात करते ती उरलेलं औषध भरून ठेवलेली सरबताची बाटली. घरातल्या पुरुषांना हे एकदा ठणकावून सांग, मागाहून रडू नको. कुणी चुकून प्यालंच तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका. बाटलीसकट दवाखाना गाठा.

सापाचं भय खरं आहे. पाचटीच्या ढिगात, लाकडाच्या वखारीत हात घालू द्यायचा नाही, आणि जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायची. मण्यार रात्री घरात येते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पोर पहाटे उठून पोटात दुखतंय म्हणालं, पापण्या जड वाटल्या, तर ओवा देत बसू नका. आवळून बांधणं, चिरणं, देवळात नेणं यातलं काही नको. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या, विषावरची लस तिथं मिळते.

राहिली ट्रॉली. चालत्या गाडीतनं ऊस ओढायचा मोह आम्हालाही होता, पण तेव्हा बैलगाड्या होत्या. गाडीवान शिवी हासडून थांबायचा तरी! आता दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, टेप मोठ्यानं लावलेला, मागचं पोर दिसणार कुठून? नुसतं 'जाऊ नको' म्हणशील तर जाणारच. दोन कांडी सोलून घरातच ठेव आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की ओट्यावर चढून ट्रॉल्या मोजायच्या, असं थोरल्याला लावून दे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मोजत बसेल, शंभरापर्यंत आकडेही पाठ होतील.

बाकी चिखल, झाड, खरचटलेले गुडघे, वाळत घातलेल्या साडीवरचे हात, हे सोडून दे. बेंदराला चिखलाचे बैल करताना अंगण घाण झालं म्हणून ओरडू नको. शेजारणींना पाणी दे, चहा दे, उत्तर देऊ नको.

आणि धाकट्याचं काम अर्धवट राहिलंय, ते पुरं होऊ दे. सासूबाईंना सांगून एखादी खुडूक कोंबडी बघ. सात-आठ अंडी त्याच्याच हातानं तिच्याखाली ठेव, प्रत्येकावर कोळशानं खूण. कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची, एकवीस दिवस. आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागं बॅटरी धरून त्याला आतल्या लाल शिरा दाखव. आजीनं कोंबडीला दाणे घालायचे, यानं पाणी ठेवायचं. किती निघाली ते कळव. आणि तो एकदा तरी स्वतः बसायला गेला का, तेही.